शिवेपलीकडचं पाणी

"तुमच्या गावाची शीव कुठं?" अण्णांनी विचारलं.

मी एका हातात पाण्याचा पेला आणि दुसऱ्या हातात गुळाच्या खड्याची बशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. कराडहून मुंबई, मुंबईहून फ्रँकफुर्ट आणि तिथून दोन गाड्या बदलून अण्णा नुकतेच ग्योर्लित्समधल्या आमच्या घरी पोहोचले होते. तीन जिने चढून आल्यानं त्यांना दम लागला होता. त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला, खिडकीतून समोरच्या चर्चचे दोन मनोरे डोळे भरून पाहिले आणि मी पेला पुढे केला, तर त्यांनी हा प्रश्न विचारला.

"शीव म्हणजे?"

"शीव म्हंजे शीव. गाव कुठं संपतंय तुमचं?"

श्रीरंग, म्हणजे माझा नवरा, आतल्या खोलीत बॅगा ठेवून बाहेर आला. सासऱ्यांना भूगोलाची गोडी दिसते, असं वाटून तो उत्साहानं सांगायला लागला. "अण्णा, या गल्लीनं खाली उतरलं की नायसे नदी लागते. नदीच्या मध्यावर जर्मनी संपतो, पलीकडे पोलंड. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी दोन्ही काठ मिळून एकच गाव होतं. आता नदीनं वाटणी केलीय. पण पुलावरून चालत जाता येतं. आता कुणी पासपोर्टसुद्धा बघत नाही."

"म्हंजे पलीकडचं गाव येगळं?"

"देशच वेगळा."

"झ्याक!" अण्णांनी खाली वाकून नाड्या पुन्हा बांधायला घेतल्या. "चला पावणं. मला पोलंडात पाणी पाजा."

आणि खरंच गेले की ते! इतक्या लांबच्या प्रवासातून आलेला, सत्तरी ओलांडलेला, साखरेच्या गोळ्या घेणारा माणूस लेकीच्या हातचा पेला तसाच ठेवून दुसऱ्या देशात पाणी प्यायला गेला. मी खिडकीतून बघत होते. श्रीरंगनं वळून माझ्याकडे बघत खांदे उडवले. अण्णा मात्र दगडी फरसबंदी रस्त्यावरून ताठ मानेनं चालले होते. मी गूळ डब्यात टाकला, पाणी मोरीत ओतलं आणि तिथंच उभी राहून रडून घेतलं.

आता हे समजण्यासाठी माझ्या लग्नाची गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे जुनी रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. माझे पणजोबा तर आत्याआजीच्या गावी गेले की तहान लागल्यावर गावाची शीव ओलांडून पलीकडच्या मळ्यात जायचे, म्हणे. अण्णा असलं काही मानणाऱ्यातले मुळीच नव्हते. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची हयात गेली. अमावास्या असो, ग्रहण असो, गाडी वेळेवर सुटली पाहिजे, एवढा एकच त्यांचा धर्म. ज्योतिषी दिसला की ते त्याला पुढच्या गाडीची वेळ विचारायचे. पण माझ्या लग्नात, पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते, तेव्हा वातावरण हलकं करायला ते मोठ्यानं म्हणाले, "पोरी, एक ध्यानात ठेव. नातवंड दाखवल्याबिगर तुझ्या घरचा थेंबसुदिक घ्यायचा न्हाई मी!" मांडवात हशा पिकला. आई पदरानं डोळे पुसत हसली. मीही हसले.

पुढे काही महिने आम्ही पुण्यात भाड्याच्या घरात होतो. अण्णा एकदा ज्वारीचं पोतं घेऊन आले आणि खाली रसवंतीवर उभे राहून दोन ग्लास उसाचा रस प्याले. "बघ, शब्द पाळला का न्हाई?" म्हणत मिशीत हसले. तेव्हा ती गंमत होती. मग श्रीरंगला इथल्या रेल्वेचे डबे बनवण्याच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही जर्मनीच्या या टोकाला आलो.

अण्णा यायच्या चार वर्षं आधी, इथंच, सहाव्या महिन्यात माझं बाळ गेलं. मला वाचवताना डॉक्टरांना पिशवी काढावी लागली. शुद्धीवर आल्यावर मी पहिला फोन आईला केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ह्यांना सांगू नगो, शालन. आत्ताच कुठं छातीच्या दुखण्यातनं उठल्यात. मी बी बोलायची न्हाई." आमच्या आईच्या तोंडात तीळ भिजत नसे. शेजारच्यांकडे कोण पाहुणा येणार हे पाहुण्याच्या आधी आळीला कळायचं ते तिच्याचमुळे. पण हे मात्र तिनं पोटात ठेवलं असावं, कारण अण्णांच्या एकाही फोनमध्ये मला कधी तसा वास आला नाही. "बरी हायस न्हवं?" एवढंच ते विचारायचे आणि मी "बरी आहे" म्हणायची.

मग आई गेली. तिचं वर्षश्राद्ध झालं आणि अण्णा म्हणाले, येतो महिनाभर तुझ्याकडं. मला वाटलं होतं, आई गेल्यावर ती जुनी गंमत ते विसरले असतील. तर ते पहिल्याच दिवशी शीव विचारत होते.

त्यांचा दिनक्रम लगेचच ठरून गेला. सकाळी आंघोळ करून, टोपी घालून ते पूल ओलांडायचे. पलीकडच्या काठावर तेरेसा नावाच्या बाईंचं छोटं उपाहारगृह होतं. तिथं चहा आणि पोटभर न्याहारी. दुपारी माझ्याबरोबर गावातून भटकंती. संध्याकाळी पुन्हा पोलंड, जेवण, आणि येताना पाण्याच्या दोन बाटल्या भरून आणायच्या, कारण रात्रीची गोळी आमच्या नळाच्या पाण्याबरोबर कशी घेणार? त्या बाटल्या त्यांच्या उशाशी असायच्या. मी त्यांना हातही लावत नसे.

"तेरेसाबाई लिंबू पिळून चहा देत्यात, बिनदुधाचा," ते सांगायचे. "आन् करंज्या करत्यात, पर तळत न्हाईत, उकडत्यात. आत बटाटा! मी म्हटलं, बाई, जरा तेलात सोडून तर बघा."

"तिला कळलं?"

"कळलं की. मी हातानं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तव्यावर परतून दिल्या."

तेरेसाबाई पोलिश बोलायच्या, अण्णा कराडचं मराठी. दोघांचं उत्तम जमलं. मी आणि अण्णा एकाच भाषेत बोलत होतो, आणि आमच्यात मात्र एक पेला पाणी अडकून पडलं होतं.

मी प्रयत्न सोडले नाहीत. त्यांनीच गावाहून आणलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी केली, लसणाची फोडणी देऊन पिठलं केलं. वास गच्चीपर्यंत गेला असणार, कारण गच्चीतल्या खुर्चीवर बसलेले अण्णा उठून आत आले आणि दारात थांबले.

"घरात खायचं नाही ना?" मी म्हणाले. "नका खाऊ. डबा भरून देते. पुलापलीकडे बसून खा. तिथं तर माझं घर नाही."

त्यांनी डबा हातात घेतला. तळाला तळवा लावून ऊब बघितली. माझ्या जिवात जीव आला. मग त्यांनी तो हळूच ओट्यावर ठेवला.

"चूल तुझीच न्हवं का, पोरी," असं म्हणून त्यांनी टोपी चढवली.

ते गेल्यावर मी श्रीरंगवर उखडले. त्याचा काही दोष नव्हता, तो घरात होता एवढंच.

"सांगून टाक ना त्यांना," तो म्हणाला. "त्यांना वाटतंय, आज ना उद्या होईल मूल. एकदा कळलं की ते कशाला थांबतील?"

"तूच सांग."

"शालन, वडील तुझे आहेत."

हेच तर दुखणं होतं. मी पाणी पुढे करायचं, त्यांनी नाही म्हणायचं, आणि दर वेळी मला ऐकू यायचं की अजून काही झालं नाही का गं? राग तर यायचाच, पण रागापेक्षा लाज जास्त वाटायची. त्यांची आशा मोडायची माझी हिंमत होत नव्हती, आणि ती आशा असेपर्यंत ते माझ्या घरी जेवणार नव्हते. महिनाभरानं माझा बाप कराडला परत जाणार, पुन्हा एवढा प्रवास त्याला झेपेल की नाही कोण जाणे, आणि आयुष्यात एकदाही माझ्या ताटातला घास न खाता तो जाणार, हा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता.

दुपारची भटकंती मात्र छान व्हायची. अण्णांना गाव बेहद्द आवडलं. जुन्या कापड व्यापाऱ्यांचे वाडे, त्यांच्या कमानी, छतावरच्या नक्षी. एका व्यापाऱ्याच्या घरासमोर ते म्हणाले, "माल कुठनं यायचा, कुठं जायचा?" मी म्हटलं, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा मोठा रस्ता इथूनच जायचा, गाड्या इथं मुक्कामाला थांबायच्या. "म्हंजे डेपोच की!" ते खूश झाले. युरोपातल्या या भागाची घड्याळं ज्या रेखांशावरून लावतात तो रेखांश ग्योर्लित्समधून जातो आणि तिथं एक दगड बसवलाय, हे कळल्यावर त्यांनी त्या दगडाला नमस्कार करायचंच बाकी ठेवलं होतं. शेजारी उभं राहून त्यांनी आपलं मनगटी घड्याळ लावलं, सेकंदासकट.

आणि एकदा मी त्यांना कुजबुजती कमान दाखवायला नेली. खालच्या चौकातल्या एका जुन्या घराचं ते दगडी दार. दाराच्या टोकदार कमानीत एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत एक खोल पन्हळ कोरलेली आहे. एका बाजूला भिंतीला तोंड लावून कुणी कुजबुजलं की ते शब्द दगडातून वर चढतात, कमानीवरून पलीकडे उतरतात आणि दुसऱ्या बाजूला कान लावून उभ्या असलेल्या माणसाला स्वच्छ ऐकू येतात. मधे उभ्या असलेल्याला काही कळत नाही.

"शेंडी लावती व्हय मला?" अण्णा म्हणाले.

"तुम्ही त्या बाजूला उभे राहा. मी इथं. बोला काहीतरी."

मी दगडाला कान लावला. आधी नुसता श्वास आला. मग, अगदी माझ्या कानात, कराड स्थानकाचा तो जुना आवाज आला. लहानपणी शाळेतून येताना मी स्टँडच्या बाहेर थांबून तो ऐकत असे.

"कराडहून पाटणमार्गे चिपळूणला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे. प्रवाशांनी कृपया घाई करू नये. गाडी सुटण्यास अवकाश आहे."

मी इतकी हसले, इतकी हसले की मागे रांगेत उभं असलेलं एक जर्मन जोडपंही हसायला लागलं. आई गेल्यानंतर मी पहिल्यांदाच अशी हसत होते. मी पुन्हा कान लावला तेव्हा आवाज बदलला होता.

"शालन, बरी हायस न्हवं?"

मी दगडाला तोंड लावून म्हणाले, "बरी आहे, अण्णा."

मी वळून बघितलं, तर ते तसेच कान लावून उभे होते. मग त्यांनी टोपी सारखी केली आणि आम्ही निघालो.

त्यांच्या परतीला आठवडाभर उरला आणि नायसेला पूर आला. वरच्या डोंगरात पाऊस कोसळला होता. आमच्याकडे नुसती भुरभुर होती, पण सकाळी खिडकी उघडली तर नदीचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत येत होता. खालच्या गल्ल्यांतली माणसं घरातलं सामान वर नेत होती. श्रीरंग कारखान्यातल्या लोकांबरोबर वाळूची पोती भरायला गेला. आमचं घर उंचावर होतं, त्यामुळे आम्हाला धोका नव्हता. पण अण्णा नेहमीप्रमाणे टोपी घालून पुलाकडे गेले आणि लगेच परत आले.

"पूल बंद केलाय," ते खुर्चीवर बसत म्हणाले. "पोलिस सोडंना. मी म्हटलं, मला फक्त पाणी प्यायचंय. त्यो पुराकडं बघाय लागला."

तो दिवस त्यांनी कराडहून आणलेल्या चिवड्यावर आणि उशाच्या दोन बाटल्यांवर काढला. मी स्वयंपाक केला, दोघांचं वाढलं आणि एकटीच जेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या बाटलीतला शेवटचा घोट संपला. अण्णांचे ओठ सुकले होते, चेहरा उतरला होता. साखरेची गोळी उपाशीपोटी घेता येत नाही आणि न घेताही चालत नाही. मी चिडून, मग काकुळतीला येऊन, मग पुन्हा चिडून म्हणाले, "अहो अण्णा, पुराची वेळ आहे. देवसुद्धा माफ करेल."

"देवाचं न्हाई गं काय," ते डोळे मिटून म्हणाले. "उघडंल पूल. सांच्याला उघडंल."

तेव्हा मी ठरवलं. डोक्यावरून पाणी गेलं होतं, खाली नदीचं आणि इथं माझंही.

"चला," मी म्हणाले. "पाणी बघून येऊ."

पाणी बघायला जाणं अण्णांना समजण्यासारखं होतं. कृष्णा-कोयनेला पूर आला की सगळं कराड प्रीतिसंगमावर पाणी बघायला लोटतं. आम्ही उतरून अडथळ्याच्या दोरीपर्यंत गेलो. नदी मातकट, फुगलेली, झाडांचे ओंडके घेऊन धावत होती. आमच्या कृष्णेसारखीच दिसत होती. पलीकडच्या सखल काठावर पाणी घरांत शिरलं होतं. तेरेसाबाईंच्या दारातून दोन माणसं गुडघाभर पाण्यातून खुर्च्या बाहेर काढत होती.

"बाईचं समदं गेलं," अण्णा म्हणाले. किती तरी वेळ ते तिकडेच बघत राहिले. मग त्यांचा तोल जरा गेला आणि त्यांनी माझा खांदा धरला.

मी त्यांना घराकडे नेलं नाही. चौकात नेलं. पावसामुळे तिथं कुणी नव्हतं. कमानीच्या एका बाजूला त्यांना उभं केलं.

"आता हे काय नवं?"

"कान लावा, अण्णा. मला काहीतरी सांगायचंय, आणि ते तुमच्याकडे बघून सांगता येत नाही."

त्यांनी टोपी काढली आणि कान दगडाला लावला. मी दुसऱ्या बाजूला गेले. भिंतीकडे तोंड, दगड ओला आणि गार. एकमेकांकडे पाठ करून आम्ही उभे होतो.

"अण्णा," मी म्हणाले, "मला मूल होणार नाही. चार वर्षांपूर्वी बाळ गेलं. मुलगी होती. माझी पिशवी काढली. आईला माहीत होतं, तुम्हाला आम्ही सांगितलं नाही. आता तुम्ही वाट बघू नका. माझ्या घरी पाणी प्या. कशाला थांबताय, अण्णा, काही नाही होणार."

मी कान लावला. दगडात काहीच नव्हतं, नुसता पाऊस. त्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटलं. उजव्या कानानं त्यांना कमी ऐकू यायचं, आणि कोणता कान लावलाय ते मी बघितलंच नव्हतं. पुन्हा सगळं बोलायची ताकद माझ्यात नव्हती.

मग आवाज आला.

"ठावं हाय मला."

मी कान दगडाला आणखी घट्ट लावला.

"तुझ्या आईनं दुसऱ्याच दिशी सांगितलं. तिच्या पोटात कवा काय ऱ्हायलंय? रातभर दोघं बसून होतो आम्ही. मला म्हणली, तुम्हाला ठावं हाय हे पोरीला कळू देऊ नका. तिला तेवढीच काळजी कमी."

"मग..." मला बोलायचं होतं, पण कान लावला की तोंड लावता येत नव्हतं आणि तोंड लावलं की उत्तर ऐकू येत नव्हतं. मी घाईघाईनं विचारलं, "मग पाणी का नाही प्यालात? इतके दिवस?"

"कसा पिणार? भर मांडवात बोललो हुतो मी. आल्या आल्या तुझा पेला तोंडाला लावला असता, तर तुला लगीच कळलं असतं, ह्याला समदं ठावं हाय, आता ह्याला आशा न्हाई. तू झाकून ठेवलं हुतंस, शालन. मी कसं उघडं करू? म्हटलं, सांगायचं आसंल तवा सांगंल. तवर पोलंडात पिऊ."

मी भिंतीला कपाळ टेकलं. मी इतके दिवस त्यांची आशा सांभाळत होते आणि ते माझं गुपित सांभाळत होते, त्यासाठी दिवसातून दोनदा देश बदलत होते. डबा हातात घेऊन तळवा लावणारे अण्णा मला आठवले आणि मी तिथंच, लोकांच्या दारात, मोठ्यानं रडले.

कुणीतरी माझ्या डोक्यावर हात ठेवला. अण्णा कमानीच्या या बाजूला आले होते. त्यांचेही डोळे वाहत होते आणि ते पुसायची त्यांनी तसदी घेतली नव्हती.

"मुलगी हुती?" त्यांनी विचारलं. "हे न्हवतं सांगितलं तुझ्या आईनं."

"हो."

"नाव ठेवलं हुतं?"

मी नाव सांगितलं. ते मी श्रीरंगशिवाय कुणापुढे कधी उच्चारलं नव्हतं. अण्णांनी ते एकदा म्हणून बघितलं. मग म्हणाले, "चांगलं हाय." आणि माझा हात धरून चालायला लागले.

घरी आल्यावर त्यांनी बूट काढले, खुर्ची ओट्याजवळ ओढली आणि बसले.

"पाणी दे."

मी पेला भरला, बशीत गूळ ठेवला. त्यांनी गुळाचा एवढासा कण तोंडात टाकला आणि पेला एका दमात संपवला. दुसरा मागितला, तोही संपवला. मिशा पुसल्या.

"गोड हाय की गं," ते म्हणाले. "पोलंडच्यापरास. आता भाकरी टाक. आन् पिठलं कर, त्या दिशी केलं हुतंस तसलं. त्याच्या वासानं मला पुलावर चक्कर आलती."

श्रीरंग चिखलानं माखून घरी आला तेव्हा अण्णा मांडी घालून चौथी भाकरी खात होते. तो दारातच थबकला. त्यानं माझ्याकडे बघितलं, माझे सुजलेले डोळे बघितले, आणि काही न विचारता हात धुऊन त्यांच्या शेजारी जेवायला बसला.

आता अण्णाही नाहीत. ग्योर्लित्समध्ये आम्ही अजून तिथंच, त्याच तिसऱ्या मजल्यावर राहतो. पाहुणे आले की त्यांना कुजबुजती कमान दाखवायला श्रीरंग नेतो, मी चौकाच्या कडेला थांबते. पण त्या वेळचं माझ्या सगळ्यात जवळ असलेलं आठवणीतलं चित्र कमानीचं नाही. ते नंतरचं आहे.

चार दिवसांनी पूर ओसरला आणि पूल उघडला. अण्णांचा निघायचा आदला दिवस. सकाळी उठून बघते तर अण्णा आंघोळ करून, टोपी घालून, दारात बूट चढवत बसलेले.

"कुठं निघालात?"

"पोलंडात."

"आता कशाला?"

"तेरेसाबाईच्या चुलीत गाळ भरला आसंल. इतकं दिस तिच्या घरचं खाल्लं, आता तिला कोण करून घालणार? चार भाकरी बांधून दे. आन् ती लसणाची चटणी. तिखट लागंल बाईला, पर खाईल."

मी भाकऱ्या बांधल्या. डबा गरम होता. त्यांनी तळाला तळवा लावून बघितला आणि पिशवीत ठेवला. जिना उतरायला लागले, तेव्हा मला राहवलं नाही. मी कठड्यावरून वाकून म्हणाले, "अण्णा, आणि येताना पाण्याच्या बाटल्या?"

ते दुसऱ्या मजल्यावर थांबले. मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"त्या कशाला आणीन?" ते म्हणाले. "घरात हाय की पाणी."